कटी सार्क: चहाची शर्यत कधीच न जिंकलेली बोट

खारावारा

गेल्या डिसेंबरात ताईकडे लंडनला गेलो होतो. भाचरांना कटी सार्क हे जुनं शिडाचं जहाज दाखवायचं म्हणून ग्रीनिचला नेलं. भाचरं अर्ध्या तासात कंटाळली, मामा तीन तास हलला नाही. ताईने शेवटी फोन करून विचारलं, तिकडेच राहणार आहेस का?

ही बोट जमिनीपासून सुमारे तीन मीटर उचलून पोलादी आधारांवर तोललेली आहे. त्यामुळे तुम्ही चक्क तिच्या पोटाखाली चालता. वर बघितलं की सगळा तळ पिवळाधमक, देवघरातल्या घासलेल्या समईसारखा. तो मुंट्झ धातू. साधारण ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त, म्हणजे आपलं पितळच की! समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात आणि तळाला शेवाळ, शंखशिंपले चिकटून वेग मारला जातो. त्यावर हा उपाय. कोकणात गलबतांच्या तळाला चुना आणि तेल चोपडतात, तोच रोग आणि श्रीमंताघरचं औषध.

आता गोष्ट. जॉन विलिस नावाचा लंडनचा जहाजमालक. सतत पांढरी टोपी घालायचा म्हणून बंदरात त्याला पांढऱ्या टोपीवालाच म्हणत. त्याला चीनहून चहा आणणारी सगळ्यात वेगवान बोट हवी होती. १८६८ मध्ये ॲबरडीनला थर्मोपिली नावाची बोट उतरली होती आणि पहिल्याच सफरीत तिने लंडन ते मेलबर्न ६३ दिवसांत गाठलं होतं. विलिसला तिला हरवायचं होतं. त्याने स्कॉटलंडमध्ये डंबार्टनच्या स्कॉट आणि लिंटन या नव्या कंपनीला काम दिलं, टनाला १७ पौंड या दराने. आराखडा हर्क्युलिस लिंटनचा. दर इतका आवळलेला की बोट पुरी व्हायच्या आत कंपनीचं दिवाळं वाजलं आणि उरलेलं काम शेजारच्या डेनी कंपनीने केलं.

बोट पाण्यात उतरली २२ नोव्हेंबर १८६९ ला. सुएझ कालवा उघडला १७ नोव्हेंबर १८६९ ला. मध्ये फक्त पाच दिवस. आगबोटींना चीनची वाट हजारो मैलांनी जवळ झाली. शिडाच्या जहाजांना मात्र तो कालवा निरुपयोगी. एक तर ओढून न्यायचा खर्च, आणि पुढे तांबड्या समुद्रातला वारा जहाज धड चालू देत नाही. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण विलिससाठीच असावी.

माझं म्हणणं एवढंच आहे. कटी सार्कने १८७० ते १८७७ आठ वेळा चीनचा चहा आणला, आणि एकदाही ती त्या हंगामात पहिली आली नाही. आज चहाच्या क्लिपरांपैकी (क्लिपर म्हणजे वेगासाठी बांधलेली शिडाची बोट) सबंध उरलेली ती एकटी आहे, म्हणून आपण तिलाच महाराणी समजतो. पण तिचं नाव झालं ते एका हरलेल्या शर्यतीमुळे आणि नंतरच्या लोकरीमुळे. चहामुळे नाही.

शर्यतीचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, आत्ता ऑफिसची बस आली.

चहाटळ

धाग्याचं नाव वाचून मला वाटलं 'त्या' कटी सार्कबद्दल आहे. फरसाण घेऊन आलो होतो. 😀

खारावारा

चहाटळशेठ, ती व्हिस्कीची बाटली १९२३ सालची आणि तिला नाव या बोटीवरून दिलंय. लेबलवर शिडं आहेत ती हिचीच. फरसाण इकडे सरकवा.

गोदाकाठ

मी ग्रीनिचपासून बसने वीस मिनिटांवर राहते. नावाची गंमत लिहायची राहिली तुमची. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या 'टॅम ओ शँटर' या कवितेत नॅनी नावाची तरणी चेटकीण आहे. तिच्या अंगात आखूड सदरा, म्हणजे स्कॉट बोलीत 'कटी सार्क'. टॅम रात्री चेटकिणींचा नाच चोरून बघतो, आणि सदरा बघून न राहवून ओरडतो. मग चेटकिणी त्याच्या मागे लागतात. तो घोडी पिटाळतो. चेटकिणींना वाहतं पाणी ओलांडता येत नाही, म्हणून पुलापर्यंत पोचला की सुटला. नॅनी घोडीची शेपटी धरते, शेपटी तिच्या हातात राहते, टॅम वाचतो.

बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, जी बाईची मूर्ती आहे ना, पुढे हात केलेली, ती नॅनी. तिच्या हातात शेपटी असते. पूर्वी बोट बंदराला लागली की पोरं दोरखंडाचं टोक पिंजून तिच्या मुठीत खोचत. आता मूर्ती नवी आहे, पण शेपटी आहे.

चहाटळ

म्हणजे बोटीचं नाव 'तोकडं पोलकं'. आणि कवितेत जिला पाणी ओलांडता येत नाही तिलाच समुद्रावर पाठवली. विलिसशेठना विनोदबुद्धी होती.

अबोली

बाळबोध प्रश्न, हसू नका. चहा काय दूध आहे नासायला? तीन महिने लागले काय नि चार लागले काय, एवढं जिवावर उदार होऊन पळायचं कशासाठी?

खारावारा

अजिबात बाळबोध नाही. चहा नासत नव्हता, भाव नासत होता. हंगामातला पहिला चहा लंडनच्या बाजारात आला की त्याला चढा भाव. आपल्याकडे पहिल्या पेटीच्या हापूसचं बघा. चव तीच, पण मार्चमधली पेटी नि मे अखेरची पेटी यांच्या भावात काय अंतर असतं! पहिल्या बोटीला टनामागे १० शिलिंग जादा भाडं देण्याची पद्धत होती.

१८६६ ची शर्यत सगळ्यात गाजली. मे महिन्याच्या अखेरीस चीनमधल्या फूचौ बंदरातून दोन-तीन दिवसांच्या अंतराने पाच मोठ्या बोटी सुटल्या: फायरी क्रॉस, एरियल, टेपिंग, सेरिका, टेटसिंग. चीनचा समुद्र, जावा-सुमात्रामधली सुंदाची सामुद्रधुनी, हिंदी महासागर, आफ्रिकेचं टोक, सगळा अटलांटिक. ९९ दिवसांनी ६ सप्टेंबरच्या रात्री टेपिंग गोदीत शिरली. तिच्यानंतर अठ्ठावीस मिनिटांनी एरियल. सेरिका त्याच भरतीला आत आली. अर्ध्या पृथ्वीचा वळसा आणि निकाल अठ्ठावीस मिनिटांचा! टेपिंग आणि एरियलच्या मालकांनी बक्षीस वाटून घेतलं.

आणि आता खरी गंमत. अर्ल किंग नावाची शिडं आणि वाफ दोन्ही असलेली बोट या सगळ्यांच्या नंतर फूचौहून निघाली होती. ती पंधरा दिवस आधीच लंडनला पोचून मोकळी झाली होती. सुएझशिवाय. वर्तमानपत्रं आणि सट्टेबाज शिडांच्या मागे वेडे झाले होते, आणि चहा आधीच बाजारात होता. तीन जहाजं एकाच भरतीला आल्यावर पहिल्या चहाची मिजास ती काय राहणार? पुढे ते जादा भाडंही बंद झालं.

मृणाल_र

लेख छान आहे, पण मला अशा धाग्यांत नेहमी एक गोष्ट खुपते. चहा यायचा, हे सगळे लिहितात. त्या चहाचे पैसे चीनला कशाने दिले, ते कोणी लिहीत नाही. अफूने. आणि ती अफू कुठून जायची? बिहारची कोलकात्याहून, माळव्याची आपल्या मुंबईहून. जमशेटजी जीजीभॉय यांची बरीच संपत्ती या चीनच्या व्यापारातून आली. ज्यांच्या नावाचं रुग्णालय आणि कलाशाळा आपण रोज उच्चारतो, तेच.

चहाच्या क्लिपरांची थोरली बहीणसुद्धा अफूचीच. १८२९ साली हुगळीकाठी हावड्याला बांधलेली रेड रोव्हर. ईशान्य मोसमी वाऱ्याच्या तोंडावर चीनला जाता येईल अशी बोट हवी होती, कारण अफूला हंगामाची वाट बघणं परवडत नव्हतं.

दुसरं, मुंबईकरांसाठी. फूचौ आणि शांघाय ही बंदरं इंग्रजांना उघडली गेली ती १८४२ च्या नानकिंगच्या तहाने. त्या तहावर सह्या झाल्या कॉर्नवॉलिस या युद्धनौकेवर. ती बांधलेली होती मुंबईच्या गोदीत, १८१३ मध्ये, जमशेटजी बमनजी वाडियांनी, मलबारी सागवानात. म्हणजे ज्या बंदरांतून एरियल, टेपिंग, कटी सार्क चहा भरत होत्या, त्या बंदरांची कुलपं मुंबईच्या लाकडावर बसून उघडली गेली.

खारावारा

मृणालताई, कॉर्नवॉलिसचं मला ठाऊक नव्हतं. आणि अफूचं खरंय, मी वेगाच्या नादात ते गाळलं. ग्रीनिचला खालच्या मजल्यावर चहाच्या पेट्या रचून ठेवल्यात, त्यांच्यातून चालताना आपण आधी हेच बघतो की वास येतो का!

नाखवा_६१

उशिरा आलो. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, आता रत्नागिरीजवळ निवांत असतो. काही दर्यावर्दी भर घालतो.

चहा भरणं हे मोठं कसबाचं काम होतं. आधी तळाला वाळू-गोट्यांचं वजन समतल पसरायचं. त्यावर जुन्या-हलक्या चहाच्या पेट्या, ओल आली तर ती त्यांना बाधावी म्हणून. वर चांगला माल. चिनी हमाल शेवटची पेटी लाकडी मोगरीने ठोकून बसवत, इतकी घट्ट की सगळा माल आणि बोट एकच ठोकळा व्हावा. समुद्रात माल हलला की बोट गेलीच समजा. पहिल्या सफरीत कटी सार्कने शांघायहून १३ लाख पौंडांहून जास्त चहा भरला. म्हणजे जवळजवळ ५९० टन. लांबी जेमतेम ६५ मीटर, रुंदी ११. एवढ्याशा पोटात!

बांधणी सांगतो. लोखंडी फासळ्या आणि त्यावर लाकडी फळ्या, मुख्यतः साग. नुसतं लोखंडी कवच केलं तर त्यावर पितळी पत्रा लावता येत नाही. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना चिकटले की लोखंड खाल्लं जातं. मध्ये लाकूड असलं की दोघांचं भांडण मिटतं. आणि फासळ्या लोखंडी असल्याने जाडजूड लाकडी वाशांची जागा वाचते, तेवढा चहा जास्त.

वाटेबद्दल. नवा चहा घेऊन जून महिन्यात शांघाय सोडायचं म्हणजे चीनच्या समुद्रात नैऋत्य मोसमी वारा थेट तोंडावर. त्याच वाऱ्याला भिऊन आमच्याकडे गलबतं वर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी पाण्याचं नाव काढत नाही. हे लोक त्यात नागमोडी शिडं फिरवत, प्रवाळांच्या खडकांतून, रात्री दिव्याशिवाय, सुंदापर्यंत उतरत. तिथे जावाच्या काठावरच्या अंजेर बंदरात कोंबड्या, फळं, पाणी घ्यायचं. (ते अंजेर १८८३ ला क्राकाटोआ ज्वालामुखीच्या लाटेत गेलं.) एकदा हिंदी महासागरात आग्नेय व्यापारी वारे लागले की मग बोट सुटते.

टांगमारू

सगळे त्या तोकड्या पोलक्याचे भक्त दिसताय. थर्मोपिलीने १८७२ ला तिला सात दिवसांनी हरवली, विषय संपला. उगाच सुकाणू तुटलं वगैरे रडगाणी आता येतील.

खारावारा

येणारच, तुम्ही आमंत्रण दिलंत. 😀

१८७२. दोन्ही बोटी शांघायहून जूनमध्ये जवळजवळ एकदमच निघाल्या. एकमेकींना गाठून गाठून खरी शर्यत झालेली ही एकमेव वेळ. सुंदा ओलांडल्यावर कटी सार्कला वारा लागला आणि तिने थर्मोपिलीला सुमारे ४०० मैल मागे टाकलं. मग १५ ऑगस्टला वादळात तिचं सुकाणू तुटून समुद्रात गेलं.

बोटीवर मालकाचा भाऊ रॉबर्ट विलिस प्रवासी म्हणून होता. त्याने हट्ट धरला, आफ्रिकेच्या बंदरात चला, दुरुस्ती करून घ्या. कप्तान जॉर्ज मूडीने साफ नकार दिला. मालकाच्या सख्ख्या भावाशी भर समुद्रात कडाक्याचं भांडण! मूडीने सुतार हेन्री हेंडरसनला हाताशी धरलं, डेकवर भट्टी पेटवली, जादा डोलकाठीचं लाकूड आणि लोखंडी खांब घेऊन नवं सुकाणू घडवलं. वादळ चालूच. बोट लोळतेय, भट्टीतले निखारे सांडतायत, आणि ऐरणीवर लोखंड तापवून ठोकायचं. सहाएक दिवसांत ते सुकाणू बसवलं. पुढे अटलांटिकात त्याचेही सांधे निखळले, ते परत दुरुस्त केले.

लंडनला पोचली १२२ दिवसांनी. थर्मोपिली साधारण आठवडाभर आधी. टांगमारूंचा हिशेब बरोबर आहे, मी कुठे नाही म्हणतोय? धाग्याचं नावच वाचा.

नाखवा_६१

टांगमारू, रडगाणं म्हणायच्या आधी एक ऐका. आफ्रिकेच्या दक्षिणेला अगुल्हास प्रवाह नैऋत्येकडे वाहतो आणि पश्चिमेचं वादळ त्याच्या उलट येतं. दोघांच्या झटापटीत लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. १९८० च्या दशकात त्याच पाण्यात आमच्या मालवाहू बोटीचं स्टिअरिंग गिअर चाळीस मिनिटं बंद पडलं होतं. हायड्रॉलिकचा पाइप फुटला. पोलादी बोट, दोन पंप, सुटे भाग हाताशी, आणि तरी त्या चाळीस मिनिटांत मी आयुष्यात आठवतील तेवढे देव आठवले. बोट आडवी पडते हो. मग प्रत्येक लाट कुशीवर घेते. खाली तेलात गुडघे टेकून पाना फिरवताना आमचा दुसरा इंजिनिअर, केरळचा, मोठमोठ्याने पाढे म्हणत होता. का ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही.

बांधलेलं सुकाणू बसवणं हे घडवण्यापेक्षा अवघड. ते बोटीच्या मागे पाण्यात सोडायचं, साखळ्यांनी ओढून जागेवर आणायचं, वर-खाली दहा-पंधरा फूट होणाऱ्या बुडाशी. एक साखळी चुकली तर ते घणासारखं आपल्याच बोटीवर आदळणार. आणि बसवल्यावरही त्याच्यावर जास्त जोर देता येत नाही, म्हणजे शिडं कमी ठेवायची. तशा बोटीने आठवड्याभराचा फरक राखला. मी तरी टोपी काढतो.

टांगमारू

काका, पाढ्यांना मानलं. शब्द अर्धे मागे घेतो. पण मग मूडीचं पुढे काय झालं? बढती?

खारावारा

त्याने बोट सोडली. आगबोटींवर गेला. यावर काय बोलणार.

अबोली

आणि लोकरीचं? ते राहिलंच.

खारावारा

हो. चहाचं भाडं आगबोटींनी पळवलं. १८७७ नंतर कटी सार्कला चहा मिळाला नाही. मिळेल तो माल, कोळसासुद्धा. १८८० ची सफर तर नरकच. मेट, म्हणजे कप्तानाखालचा अधिकारी, सिडनी स्मिथने एका खलाशाला मारलं, तो मेला. कप्तान वॉलेसने मेटला अंजेरला पळून जायला मदत केली. खलाशी बिथरले, जावाच्या समुद्रात वारा पडला, बोट जागच्या जागी. काही दिवसांनी कप्तानाने स्वतःच समुद्रात उडी घेतली.

दिवस फिरले ते १८८३ पासून, ऑस्ट्रेलियाच्या लोकरीत. तिथे सुएझचा फायदा फारसा नव्हता आणि दक्षिणेकडचा सोसाट्याचा पश्चिम वारा हिच्या अंगाला मानवणारा होता. चीनच्या समुद्रातल्या मंद वाऱ्यात थर्मोपिली सरस, जोराच्या वाऱ्यात ही. १८८५ ला रिचर्ड वुडगेट कप्तान झाला. गडी अवलिया. बोटीवर कॉली कुत्री पाळायचा, फोटो काढायचा, रिकाम्या मालखान्यात सायकल चालवायचा. पहिल्याच खेपेत सिडनी ते लंडन ७३ दिवस. १८८९ च्या जुलैत पी अँड ओ कंपनीची ब्रिटानिया ही नवी आगबोट सिडनीकडे चालली होती. रात्री मागून एक दिवा दिसला. तो जवळ आला आणि पुढे निघून गेला. आगबोटीच्या अधिकाऱ्याने वहीत लिहून ठेवलं की शिडाच्या जहाजाने आपल्याला मागे टाकलं. सकाळी सिडनीत कळलं, ती कटी सार्क.

चहाटळ

याला म्हणतात लोकरीचा उबदार शेवट. बरोबर?

गोदाकाठ

कुठला शेवट हो! १८९५ ला ती पोर्तुगीजांना विकली. नाव बदलून फेरैरा. पण खलाशी तिला पेकेना कामिझोला, म्हणजे छोटा सदराच म्हणत. आपल्या कमीजच्या नात्यातला शब्द. १९१६ ला डोलकाठ्या मोडल्या. १९२२ ला विल्फ्रेड डाउमन नावाच्या निवृत्त कप्तानाने इंग्लंडमधल्या फाल्मथला तिला ओळखलं आणि ३,७५० पौंडांना विकत घेतलं. १९५४ ला ग्रीनिचच्या कोरड्या गोदीत आली, १९५७ ला राणीच्या हस्ते लोकांसाठी उघडली.

२१ मे २००७ ला पहाटे आग. मी तेव्हा नवीनच आले होते. सकाळी टीव्ही लावला तर हेलिकॉप्टरमधून काढलेलं दृश्य, बोटीचा सांगाडा आणि धूर. ऑफिसात माझी इंग्रज मैत्रीण रडत होती, आणि मला कळेना की बोटीसाठी कोणी का रडतं. नशीब असं की दुरुस्तीसाठी डोलकाठ्या, नॅनी आणि निम्म्याहून जास्त फळ्या आधीच काढून दुसरीकडे नेल्या होत्या. चालू राहिलेला कचरा ओढायचा व्हॅक्युम, हे बहुधा कारण. २०१२ ला परत उघडली.

टांगमारू

माझ्या थर्मोपिलीचाही शेवट सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. तीही पोर्तुगीजांकडेच गेली, त्यांच्या आरमारात. १९०७ ला लिस्बनजवळच्या कॅश्काइशसमोर पोर्तुगालच्या राणीच्या देखत मानवंदना देऊन टॉर्पेडोने बुडवली. जिंकलेली तळाशी आहे आणि हरलेलीला लिफ्ट बसवलीय.

अबोली

येत्या उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन लंडनला जातेय. आईला गुडघ्याचा त्रास. जमेल का?

खारावारा

जमेल. पण आधी वर डेकवर नेऊ नका. आधी खाली, पितळी तळाखाली न्या. तिथे एका टोकाला जुन्या बोटींच्या नाळेवरच्या मूर्तींचा गोतावळा आहे, रंगवलेल्या, टवटवीत, अगदी जत्रेत मांडल्यासारख्या. त्यांच्यासमोर चहाचं दुकान आहे. आईंना तिथे बसवा. चहा मिळमिळीत आहे, आलं बरोबर ठेवा.

चहाटळ

तिकडेच येतो. फरसाण आहे.